दोन ठोके

वही तिनंच आणून दिली. वर मोराचं चित्र, आत दोनशे पानं. म्हणाली, "तात्या, आजोबांच्या वर्षश्राद्धाला घरच्या घरी एक छोटं पुस्तक काढायचंय. सगळे दोन-दोन पानं लिहिणार आहेत. त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त दिवस तुम्ही काढलेत, तर तुमचं मोठं पाहिजे."

मी म्हटलं, "चौथी झालेला माणूस मी. मी सांगतो, तू लिव."

"नाही. तुमच्याच हातानं."

ती सांगलीला शाळेत मास्तरीण आहे. तिला 'नाही' ऐकायची सवय नाही. मलाही नाही. पण वही ठेवून घेतली. ऱ्हस्व-दीर्घ तिनं बघावं. बाकी एक शब्द बदलायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तिच्या आजोबाचं नाव पुस्तकावर येईलच. मी त्याला कधी नावानं हाक मारली नाही आणि त्यानंही मला मारली नाही. तो मला 'खालचा' म्हणायचा, मी त्याला 'वरचा'. आताच्या पोरांनी गुऱ्हाळ बघितलेलं नाही. आमच्या कृष्णाकाठची गुऱ्हाळं मोडून तिथं लग्नाची कार्यालयं झाली. म्हणून सांगतो. उसाचा रस आटवायची काहील म्हणजे दहा माणसं आत बसून जेवतील एवढं पसरट लोखंडी भांडं. तिच्याखाली जमिनीत खणलेली चूल, तिला चुलवाण म्हणायचं. गुळव्या वर बसतो, काहिलीच्या कडेला. जाळ घालणारा खाली खड्ड्यात बसतो, चुलवाणाच्या तोंडाशी. वाळलेली चिपाडं आत सारायची, लोखंडी दांड्यानं राख ओढायची. वरच्याला गूळ दिसतो, जाळ दिसत नाही. खालच्याला जाळ दिसतो, गूळ दिसत नाही. असे आम्ही सव्वीस हंगाम काढले.

त्याचं बोलणं उलटं होतं. थोरा माणसाला अरेतुरे आणि पोराला आवंजावं. मळ्याचा मालक आला तरी बसल्या जागेवरून "आलास व्हय रं", आणि घरात दीड वर्षाचं नातवंड रांगत आलं की हा उठून उभा. "या पावणं, या. गाडीला गर्दी व्हती का?" पाच नातवंडं होती, पाचांनाही त्यानं नाती लावून दिली होती. हिला मामी म्हणायचा. हीच ती मास्तरीण. तवा असेल पाचेक वर्षांची.

"आवं मामी, तुमच्या गावाकडं पाऊसपाणी काय म्हणतंय?"

ही कमरेवर हात ठेवून सांगायची, "काय सांगू भाच्या, लय चिखल!"

"मग कसं करायचं वं?"

"तू गप जेव."

आणि हा खाली मान घालून गपागपा जेवायचा. सुना पदर तोंडाला लावून हसायच्या. त्याच्या घरात दोन सुना नांदल्या, पण भांडण वाड्याबाहेर कधी ऐकू आलं नाही. माझ्या घरात एकच सून आहे. जाऊ द्या.

राबायचा मात्र बैलासारखा. पहाटे म्हशीची धार काढून, वैरण कापून, तिथनं सायकल हाणत गुऱ्हाळावर, आणि दिवस मावळला की परत सायकल. गुऱ्हाळ लांबच्या मळ्यात असलं तर बाकीचे गडी तिथंच पडायचे. हा कधी राहिला नाही. "घरी पावणं वाट बघत्यात" म्हणायचा. सुगी नसली की लोकांच्या विहिरींचा गाळ काढ, छपरं शाकार, कुणाच्या लग्नात आचाऱ्याच्या हाताखाली उभा राहा. त्याला निवांत बसलेला मी दोन जागीच बघितला, काहिलीपुढं आणि पोरांपुढं. आणि काम करायचा ते दाखवायचा नाही. मी दाखवायचो. आमच्यात तेवढा फरक होता, आणि तो काही थोडा नव्हता.

थापा तर तोंडावर ठेवलेल्या. दुष्काळी माण तालुक्यातला एक मेंढपाळ दरवर्षी मेंढरं घेऊन आमच्याकडं खाली उतरायचा. त्याला हा सांगायचा, "आमच्या चुलवाणाच्या धुराचं ढग हुत्यात. ते तुमच्या माणाकडं पाठवायचं का न्हाई, ते ह्यो खालचा ठरवतो. ह्याला तंबाखू दे." मेंढपाळ हसायचा आणि मला तंबाखू द्यायचा. दुष्काळ लांबला त्या वर्षी न हसता द्यायला लागला. वरच्यानं मग ती थाप कायमची बंद केली. थापेला पण वेळ असते म्हणाला.

गुळाचं सगळं वेळेवर असतं. रस आटत आला की गुळव्या पळीनं थेंबभर घेऊन थंड पाण्यात टाकतो आणि दोन बोटांनी दाबतो. कच्चा असला तर लोण्यासारखा पसरतो. झाला असला तर मऊ गोळी होते. पुढं गेला तर खडा. कच्चा आणि खडा यांच्या मधली वेळ फार थोडी. ती ज्याच्या बोटांना कळते तो गुळव्या. ती वेळ आली की तो हाळी देतो, चार गडी दांड्या घालून काहील ओढतात आणि गूळ शेजारच्या हौदात ओततात. हाळीला उशीर झाला की अख्खं आदण, म्हणजे काहीलभर रस, गेलं समजायचं.

एकदा शेतीच्या कॉलेजातला एक पोरगा काचेची नळी घेऊन आला. नळीतल्या आकड्यावर गूळ उतरवायचा म्हणाला. वरचा म्हणाला, "पैज लाव. हरंल त्यानं म्हशीला रामराम घालायचा." पोराची नळी म्हणाली झालं. ह्याची बोटं म्हणाली न्हाई. पोराच्या वेळेला पळीभर बाजूला काढून ठेवला, तो संध्याकाळपर्यंत पाघळत राहिला. ह्याच्या वेळेचा गूळ हातोडीनं फोडावा लागला. पोरानं म्हशीला हात जोडले. मग ह्यानं पण टोपी काढून जोडले. "तू कशापायी?" मी विचारलं. "थोरली हाय ती. म्या रोजच घालतो."

पोपटाचं पण सांगितलं पाहिजे. पोपटाशिवाय पुढचं कळायचं नाही. रस आटत येऊन घट्ट झाला की तो पळीभर उसाच्या कांडीवर घ्यायचा, पाण्यात बुचकळायचा आणि हातावर ओढून ओढून त्याचा पोपट करायचा. शेपूट ओढायची, चोचीला चिमटा काढायचा, डोळ्याला शेंगदाण्याचं साल. गुऱ्हाळावर आलेलं कुठलंही पोर पोपट घेतल्याशिवाय परत गेलं नाही. हिचा पोपट सगळ्यात मोठा.

नंतर त्याची बोटं मेली.

त्याला साखर झाली. गुळव्याला साखर झाली म्हणून गाव हसलं, आणि सगळ्यात आधी तोच हसला. पण बोटांचं त्यानं कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते असं. एका दुपारी खाली माझ्याजवळ बिडी पेटवायला आला. निखारा उचलला तो बोटांनी, आणि तसाच धरून माझ्याशी बोलत बसला. कातडं जळाल्याचा वास मला आला. त्याला नाही.

"टाक रं!" मी ओरडलो.

त्यानं हाताकडं बघितलं, दुसऱ्याचा हात असल्यासारखं. निखारा टाकला.

"कवापास्नं?"

"दिवाळीच्या आधीपास्नं."

"मग गूळ कसा उतरवतूस?"

"देवाला इचारून." हसला. ते हसणं मला आवडलं नाही. मग शेजारी टेकला आणि हळू म्हणाला, "खालच्या, तुझा कान दे मला."

मी दांड्यानं राख ओढली.

"मला ठावं हाय. तू खाली बसून आवाजावर वळखतूस. म्या पाण्यात बोट घालायच्या आधी तुझा हात राखंकडं जातोय. लय वर्सं बघतोय म्या."

हे खरं होतं. रस पातळ असतो तवर खळखळतो. मग आवाज जड होतो, फदफद असा. गूळ व्हायच्या जरा आधी त्या फदफदीत एक उसासा येतो. सांगून कळायचा नाही. मला तो कळायचा. पण तो कळतो हे दुसऱ्या कुणाला कळलंय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आनंद झाला. चेहऱ्यावर दाखवला नाही.

"झालं की दांड्यानं दगडावर दोन ठोकं दे," तो म्हणाला. "लोकास्नी वाटंल राख झाडतूय. आन कुणाला बोलायचं न्हाई. घरात बी न्हाई. त्यास्नी कळलं तर मला खाटंवर बसवत्याल, आन खाटंवर म्या मरून जाईन."

मी शब्द दिला. दोन हंगाम आम्ही तसा गूळ केला. तो पाण्यात बोटं घालायचा, चिमटीत गोळी दाबल्याचं सोंग करायचा, आणि कान खाली माझ्याकडं. मी दोन ठोके द्यायचो. मग तो हाळी द्यायचा, "ओढा!" लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा हात अजून सोन्याचा आहे. मी खालून ऐकायचो. मी कुणाला बोललो नाही, पण ते मला गोड लागत होतं असंही नाही.

आता तो दिवस. इथपर्यंत लिहून आठ दिवस वही बंद ठेवली होती. हा दिवस गाळून पुढं जाता येतं का बघितलं. सगळे तसंच करणार आहेत, मला माहीत आहे. त्याचा धाकटा मुलगा लिहील, बाबा लय हसवायचे. ते खरंच आहे.

माझा थोरला जावई मिलिटरीत होता. लग्नानंतर पहिल्यांदा रजेवर आला आणि गुऱ्हाळ बघायला आला. बूट घालून, कडक इस्त्रीत. त्याच्या घरच्यांना मी सांगितलं होतं की गुऱ्हाळावर माझ्यावाचून पान हलत नाही. आणि ते खोटं नव्हतं, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. सुट्टी होती म्हणून ही मामी पण सांगलीहून आली होती. नऊ वर्षांची. काहिलीच्या कडेला आजोबाजवळ पोपटासाठी हटून बसली होती. मालक होता, ओढणारे चार गडी होते, आणखी दोघं-चौघं होते.

जावयानं विचारलं, "मामा, तुमचं काम काय असतं इथं?"

मी तोंड उघडायच्या आत वरचा वरूनच म्हणाला, "पावणं, तुमचा सासरा म्हंजे चुलीपुढचं मांजर. ऊब घेतंय आन डोळं मिटतंय. कवा कवा शेपूट भाजतंय, तवा जागं हुतंय."

सगळे हसले. ही पोर हसली. जावई पण हसला, पांढरे दात काढून.

त्याचं बोलणं असंच होतं, हे मला माहीत होतं. मालकाला बोलायचा, म्हशीला बोलायचा, स्वतःला तर सगळ्यात जास्त बोलायचा. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी खालून दुप्पट शिवी घातली असती आणि विषय मिटला असता. पण त्या दिवशी जावई उभा होता. आणि ज्याची बोटं मी झालो होतो, त्यानं मला मांजर केलं होतं.

मी आत चिपाड सारलं.

आवाज जड झाला. फदफद सुरू झाली. वर तो पळीभर रस कांडीवर घेऊन पोपट ओढत होता, हे मला हिच्या बोलण्यावरून कळत होतं. "भाच्या, शेपूट लांब कर. अजून लांब." मग उसासा आला. मी दांडा हातात घेतला होता. दगड समोर होता. दोन ठोक्यांचं काम.

मी दिले नाहीत.

मला गूळ घालवायचा नव्हता. देवाशपथ नव्हता. मला एवढंच पाहिजे होतं की त्यानं वाकून खाली बघावं आणि सगळ्यांदेखत, जावयादेखत, मला विचारावं, "झालं का रं, खालच्या?" एवढे चार शब्द. मनात म्हटलं, विचार की आता मांजराला. त्यानं विचारलं असतं तर त्याच क्षणी ठोके दिले असते.

आणि त्याला विचारता येत नव्हतं. विचारलं की सगळं उघडं पडणार होतं. हे मला त्याच वेळी कळत होतं. नंतर कळलं असं म्हणायची सोय नाही.

करपल्याचा वास आला तवा मी ठोके दिले. दोन नाही, किती दिले मोजले नाहीत. "ओढा!" तो ओरडला. गड्यांनी काहील ओढली. हौदात ओतलं ते काळं होतं. धूर येत होता. मालक खड्ड्याच्या कडेला आला आणि मला म्हणाला, "जाळ जादा झाला काय रं?"

मी म्हटलं, "जाळ बराबर व्हता."

हे खोटं नव्हतं. जाळ बरोबरच होता.

तवा वरच्यानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग सगळ्यांकडं वळून हसला आणि म्हणाला, "म्याच चुकलो. आमच्या मामीच्या पोपटानं आदण खाल्लं गड्यांनो!"

त्यावर एक-दोघं हसले पण. आणि तेवढ्यात ही पोर किंचाळली. पोपट त्याच्या तळहातावर होता तसाच होता. उकळता गूळ बोटांच्या मधनं ओघळून चिकटला होता, आणि पोपट काढायला गेला तसं हाताचं कातडं त्याच्याबरोबर आलं. हा मात्र हिला म्हणत होता, "आवं मामी, रडायचं न्हाई, चोच राहिलीय अजून."

ती जखम भरली नाही. साखरेची जखम. सांगलीला दवाखान्यात त्याची दोन बोटं काढली. गोळी दाबायची तीच दोन. त्यानंतर तो काहिलीवर बसला नाही. दुसरा गुळव्या आला. मी पुढच्या हंगामाला गेलो नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

हिला कुणी मारलं नाही. फक्त हिची आज्जी तेवढं बोलली, "बाई गं, तुझ्या एका पोपटापायी." एकदाच बोलली असेल. पण गावात ती गोष्ट झाली. म्हातारा नातीला पोपट करत बसला आणि आदण गेलं, बोटं गेली. लग्नात, बारशात, हसत हसत सांगायचे. तोही सांगायचा. तो जास्त रंगवून सांगायचा, म्हणजे बोटं आधीच मेली होती तिकडं कुणी बघू नये. आणि माझ्याकडं कुणी बघू नये, हेही त्यात होतं. मला ते कळत होतं.

बाकी तो होता तसाच राहिला. आठ बोटांनी वैरण कापायचा, आठ बोटांनी म्हशीची धार काढायचा. फक्त सुट्टीला ही आली की उजवा हात अंगातल्या कोपरीत लपवून बसायचा. "आवं मामी, पाऊसपाणी?" ही म्हणायची, "ठीक आहे आजोबा." भाच्या म्हणायची बंद झाली होती. आणि गूळ खायची बंद झाली होती. संक्रांतीला तिळगूळ हातात घ्यायची आणि दुसऱ्या पोराच्या हातात ठेवायची. पुरणपोळीला शिवायची नाही. गुळाचा चहा केला तर उठून जायची.

एकदा तो माझ्या ओट्यावर आला. भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "मामी गूळ खाईना रं, खालच्या."

त्यानं दार उघडून दिलं होतं. मी आत जायचं होतं. मी म्हटलं, "शहरातल्या पोरी. नखरं असत्यात."

तो "व्हय" म्हणाला आणि उठला.

मी स्वतःला सांगत आलो की मी शब्द दिला होता. बोटांचं कुणाला सांगायचं नाही, घरात पण नाही. शब्द मोडणारा माणूस मी नाही, साऱ्या गावाला विचारा. पण खरं सांगायचं तर तो शब्द त्याच्या कामाला दोन हंगाम आला आणि माझ्या कामाला बाकीची सगळी वर्षं आली.

गेल्या वर्षी त्यानं खाट धरली. पाय सुजलेले, नजर गेलेली. सोप्यात दाराजवळ खाट टाकली होती. मी गेलो की काठीच्या आवाजावरून ओळखायचा. शेवटी गेलो तवा दुपार होती. सून चहा करायला आत गेली. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. मला वाटलं झोपलाय. तर तसाच पडल्या पडल्या म्हणाला,

"झालं का रं, खालच्या?"

मला कळेना.

"उतरायची येळ झाली का बघ. तुझा कान चांगला हाय."

चार माणसांत, जावयापुढं, मला ऐकायचे होते ते चार शब्द. त्यानं ते एकट्यानं, भिंतीकडं बघून मला दिले. टोमणा होता का माफी होती, मी सांगू शकत नाही. त्याच्या आवाजात दोन्ही सारखंच वाजायचं. काठी माझ्या हातात होती. खाली फरशी होती. मला वाटलं, ठोके दिले तर हा आत्ता जाईल. नाही दिले तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल. मी तसाच बसून राहिलो. सुनेनं चहा आणला. चौथ्या दिवशी तो गेला.

पोरी, आता तुला सांगतो. हे तू वाचशील म्हणूनच इतकं लिहिलं. त्या दिवशी तुझ्या आजोबाचं ध्यान पोपटात नव्हतं. पोपट तो डोळे झाकून करायचा, त्याला ध्यान लागत नव्हतं. त्याचं सगळं ध्यान खाली माझ्याकडं होतं. ठोक्याची वाट बघत बसला होता, म्हणून हातावरचा गूळ पाण्यात बुचकळायचा राहिला. आणि त्याला भाजलं नाही. भाजलं, पण त्याला कळलं नाही. तू तेवढी किंचाळलीस, तेवढं त्याला दुखलंच नव्हतं. आदण मी घालवलं. बोटं मी घालवली. पोपटाचा काही संबंध नाही.

पुस्तकात घाल नाही तर घालू नको. एक शब्द बदलायचा नाही म्हटलंय, ते मात्र खरं.

हे पुढचं नंतर लिहितोय. वरचं सगळं तिनं वाचून झाल्यावर.

रविवारी ती सांगलीहून आली. मी वही दिली. म्हटलं, घरी नेऊन वाच. ती म्हणाली, इथंच वाचते. माझ्या ओट्यावर बसली, भिंतीला पाठ लावून. माझं अक्षर मोठं आणि वेडंवाकडं, वेळ लागला. सून चहा ठेवून गेली. मी समोरच्या बाभळीकडं बघत बसलो. पान उलटल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ यायचा नाही. सुरुवातीला एकदा हसली. म्हशीच्या रामरामाला हसली असेल. पुढं हसली नाही.

वही मिटली. मला वाटलं, आता बोलेल. शिव्या दिल्या तरी ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. माझ्या तोंडावर आजवर कुणी शिवी दिलेली नाही, पण ऐकून घ्यायचं ठरवलं होतं.

ती म्हणाली, "मी नऊ वर्षांची होते तात्या."

"व्हय."

"आज माझी मुलगी नऊ वर्षांची आहे."

मी पुन्हा बाभळीकडं बघितलं.

ती उठली. पायात चपला घातल्या. पायरीपर्यंत गेली आणि थांबली. माझ्याकडं बघितलं नाही, ओट्याच्या कडेला जो काळा दगड बसवलाय त्याच्याकडं बघत होती.

"कसे द्यायचे ते ठोके? दाखवा."

मी काठी उचलली. ओट्याच्या दगडावर मारले. ठक. ठक.

ती ऐकत उभी राहिली. जसं काय तिसरा येणार होता.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."